शिळ्या पाण्याचा नियम

मला मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून मराठी पाहिजे होतं. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी पडद्यावरनं नजर न काढता सांगितलं, मराठीला मुलं पुरत नाहीत, यंदा उघडलेलं नाही. मी म्हटलं, बेळगावात मराठीला मुलं पुरत नाहीत, हे मला लिहून द्या. त्या म्हणाल्या, "लिहून द्यायचं काम प्रिन्सिपॉलचं. मागं लाईन आहे, फॉर्म भरतीस काय?" उरलेल्या दोन विषयांत जागा होत्या. एक फुलशेती, दुसरा कम्प्युटेशनल मॉडेलिंग. फुलशेतीचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला होतं. मी मॉडेलिंग घेतलं. एवढंच. कुणी विचारलं की मी विज्ञानाच्या ओढीबद्दल काहीबाही सांगते, ते खरं नाही.

माझं मेजर अर्थशास्त्र. आणि खरा धंदा पत्रकं लिहिण्याचा. आजोळ येळ्ळूर. तिथं मामाच्या सोप्यात धान्याच्या पोत्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि सुट्टीला गेलं की आम्हा पोरांना ते वाटायला पाठवायचे. दहावीत मी स्वतः पहिलं पत्रक लिहिलं. पत्रकाचं शास्त्र मला तेव्हाच पाठ झालं: पहिल्या परिच्छेदात अन्याय, दुसऱ्यात तो करणारा, तिसऱ्यात 'अन्यथा'. मधे कुठं शंका आली की उद्गारचिन्ह टाकायचं. आमची वसाहत पिरनवाडीच्या पुढं, माळावर पंधरा-वीस वर्षांमागं उठलेली. तिथल्या युवक मंडळात मी कॉलेजला लागायच्या आधीपासनं पत्रकवाली म्हणूनच ओळखीची होते.

मॉडेलिंगचे सर बैलहोंगलकडचे. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि आम्ही तोंडं पाडली की मराठी. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर देवळाचं दार काढलं आणि विचारलं, जत्रेत चपला सोडायच्या जागी चेंगराचेंगरी का होते? मी हात वर केला. "नियोजनशून्य कारभार!" वर्ग हसला. सरांनी फळ्यावर माणसांचे ठिपके काढले आणि एकेका ठिपक्याला नियम दिला: आपली चप्पल दिसली पाहिजे, दारापासनं लांब नको, शक्यतो एका कडेला. मग तो खेळ संगणकावर चालवून दाखवला. कुणीही वाईट नव्हतं, कुणी कारभारी नव्हता, तरी दार तुंबलं. मॉडेल म्हणजे हेच. एक खोटं गाव करायचं, त्यातल्या प्रत्येकाला दोनचार नियम द्यायचे, कळ दाबायची आणि बघत बसायचं. खरं गाव आणि खोटं गाव सारखं वागलं, तर नियम बरोबर असायची शक्यता. सर म्हणाले, "लोकांनी काय करायला पाहिजे ते लिहू नका. लोक काय करतात ते लिहा." मी ते वहीत घोषणेसारखं चौकटीत लिहिलं. कळायला पुढं पाच महिने गेले.

प्रोजेक्ट दोघांत एक होतं. माझी जोडीदारीण आमच्याच वसाहतीतली होती. एकाच बसनं दोन वर्षं जात होतो, पण ओळख मायनरच्या वर्गात झाली. याला कारण होतं. वसाहतीला एकच पाण्याची लाईन आहे. ती रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या चेंबरपासनं सुरू होते आणि चढावर संपते. तोंडाकडच्या ओळीत आम्ही, येळ्ळूर-खानापूरकडनं आलेली शेतकऱ्यांची घरं, गावाकडं जमीन आणि इथं नोकरी. टोकाच्या ओळीत पंचशीलेचे झेंडे लावलेली घरं. तिचा आजा खाणीत दगड फोडायचा. आता आई मोठ्या दवाखान्यात नर्स, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत. दोन्ही ओळींत चालत चार मिनिटांचं अंतर. माझी आई त्या ओळीत हळदीकुंकवाला कधी गेली नव्हती आणि त्यांना कधी बोलावणंही गेलं नव्हतं. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही. इथं लिहिते.

विषय मीच ठरवला: पाणी. आमच्याकडं पाणी कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या दिवशी येतं, तेही सकाळी. तोंडाकडं भरपूर येतं. टोकाकडं करंगळीएवढी धार येते, कधी नुसती हवाच येते. माझ्या मनात निकाल तयार होता. पाणी सोडणारे लबाड आहेत हे मॉडेल सिद्ध करणार आणि खाली मंडळाचं नाव येणार. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते खूश झाले. "कंप्युटरनं सिद्ध झालंय असं ठळक टायपात टाकू. मग पाणीपुरवठ्याचा साहेब कुठं जातोय बघू."

जोडीदारीण म्हणाली, "आधी मोजूया तरी."

"काय मोजायचं? तुझ्या घरी पाणी येत न्हाय, हे मोजायला लागतंय व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. तिचं बोलणं असंच. माझ्या दहा वाक्यांना तिचं एक.

दोन रविवार आम्ही घरोघर फिरून भांडी मोजली. बॅरल किती, हौद आहे काय, घागरी-कळश्या किती. बायकांना भलताच संशय.

"काय गं, काय लिहूलालीस? भांड्यावर कर बसवतात व्हय आता?"

"न्हाय वो काकू, कॉलेजचं आहे."

"कॉलेजात घागरी मोजायला शिकवतात? मग माझी सून बी प्रोफेसर झाली की!"

जोडीदारणीनं घड्याळ आणि बादली घेऊन सहा घरांत धार मोजली. कोपऱ्यावर वॉल फिरवणारे मामा, सरकारी भाषेत व्हॉल्व्हमन, त्यांना विचारून वॉल किती वेळ उघडा असतो तेही लिहून घेतलं. हे मामा साठीच्या घरातले, डोक्याला टॉवेल, हातात लांब लोखंडी चावी. तिच्या आईशी त्यांचं बरं होतं. एकदा चावी निसटून त्यांचा अंगठा ठेचला होता आणि हिच्या आईनं आठ दिवस पट्टी बांधली होती. तेव्हापासनं उद्या पाणी सोडायचं असलं की ते आदल्या संध्याकाळी हिच्या घरी फोन करायचे. मग आई ड्युटी बदलून घ्यायची आणि ही कॉलेजला यायची. आईवडील दोघंही पहिल्या पाळीला जाणारे. पाणी येईल तेव्हा घरात कुणीतरी लागतंच. एक फेरी चुकली की पुढचे सात दिवस दुसऱ्याच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं. त्या एका फोनवर तिचं कॉलेज चाललं होतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मॉडेल तयार झालं. प्रत्येक घराला आम्ही दिलेला नियम सरळ होता: पाणी आलं की नळ उघड, जेवढं कमी आहे तेवढं भर, भरलं की बंद कर. कळ दाबली. खोट्या वसाहतीत तोंडाकडची घरं पटापट भरली, नळ बंद झाले, जोर पुढं सरकला आणि वॉल बंद व्हायच्या आत टोकाची ओळसुद्धा भरली.

मी खुर्चीवरनं उठलेच. "बघ! पाणी पुरतंय! म्हणजे वॉल आधी बंद होतोय. म्हातारा खोटं बोललाय."

"मी स्वतः घड्याळ लावून उभी होते," ती म्हणाली. "बंद करत न्हाईत ते आधी."

"तू उभी होतीस म्हणून त्या दिवशी केला नसंल."

"काहीतरी आपलंच चुकतंय. सरांना दाखवूया."

सर पुढच्या आठवड्यात भेटणार होते. पत्रक त्याच संध्याकाळी छापायला गेलं. अण्णांना एवढी ओळ पुरली: 'वेळेआधी वॉल बंद करणारे हात कुणाचे? संगणकीय पुराव्यानं उघड!!!' तिसरं उद्गारचिन्ह माझंच. कुणाचं नाव नव्हतं, पण वॉल फिरवणारे हात वसाहतीत दोनच आहेत.

मामांना साहेबांनी बोलावून घेतलं, चार लोकांत उभं करून विचारलं. त्यांनी आमच्या वसाहतीत कुणाशी बोलणं बंद केलं. येतात, चावी फिरवतात, जातात. आणि हिच्या घरी येणारा फोन बंद झाला.

मग ती गैरहजर राहायला लागली. पाचवा दिवस उजाडला की घरी. सहावा, घरी. सातवा, घरी. पाणी येईपर्यंत लॅब बुडायची. मायनरला प्रॅक्टिकलची हजेरी कडक. सरांनी दोघींना बोलावून घेतलं. कारण विचारल्यावर तिनं मामांच्या फोनचं सांगितलं, मी ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं. तिला म्हणाले, "शॉर्टेज आहे. प्रोजेक्टचं प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा तू स्वतः दिलीस, तर मी माफीचा फॉर्म सही करतो. त्या दिवशी नसलीस तर मायनर गेला. परत सगळे पेपर." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं पत्रक वाचलं मी. मॉडेल आणि गाव जुळत नसेल तर तुमच्यात गाव खोटं ठरवायची पद्धत आहे काय?"

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तू सांगितलं का न्हाईस, फोनचं?"

"तू छापायच्या आधी इचारलीस?"

ती दोन पेपरांत पहिली आलेली मुलगी. पुढं हेच शिकायचं म्हणून तिनं हैदराबाद-पुण्याच्या कॉलेजांच्या याद्या काढून ठेवलेल्या. माझ्यासारखी रिकाम्या जागेवर येऊन बसलेली नव्हती. तिचा मायनर जाणार होता आणि तो मी घालवलेला होता. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना जबाबदार धरलेलं आहे, दिनांक आणि स्थळासकट. स्वतःला धरायची सवय नव्हती.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम घरी थांबले. माझं म्हणणं होतं, चूक शोधायचीच तर आपल्या नळापासनं. सकाळी आठच्या सुमारास नळातनं हवा फुसफुसली. पाणी यायच्या आधी दहा मिनिटं हे असं होतं. आई चुलीवरचं दूध तसंच सोडून मागं आली, निळा बॅरल दोन्ही हातांनी धरला आणि आडवा केला. अर्धा बॅरल पाणी गटारात.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? पाणी आलंय न्हवं."

"मग ते का ओतलंस?"

"शिळं होतं की. सहा दिवसाचं. शिळ्यात ताजं मिसळायचं व्हय? काय तरी इचारतीस."

तिनं बॅरल खसाखसा घासला, हौदाचं बूच काढलं, घागरी पालथ्या केल्या. हे मी लहानपणापासनं बघत आले आहे. मी स्वतः घागरी पालथ्या घालत मोठी झाले. तरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. दारात येऊन उभी राहिले तर आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरातनं पाणी गटारात येत होतं. नळाला अजून थेंब नव्हता आणि गटार तुडुंब वाहत होतं, लाल मातीचं, वर भाताची चार शितं. सगळ्या बायका एकाच वेळी बॅरल आडवे करत होत्या, एकमेकींशी बोलत, रोजच्यासारख्या. पाणी नाही म्हणून गेल्या महिन्यात याच बायकांचा मोर्चा मी काढला होता. घागरी घेऊन. रिकाम्या.

आमच्या मॉडेलमधलं घर जेवढं कमी आहे तेवढंच मागत होतं. खरं घर आधी सगळं रिकामं करत होतं आणि मग सगळं मागत होतं.

मी तिला फोन केला. ती घरीच, पाण्याची वाट बघत. मी सांगितलं. ती हसायला लागली, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

"तुमच्याकडं न्हाय असं करत?" मी विचारलं.

"आमच्याकडं ओतायला शिळं उरतंय कुठं?"

संध्याकाळी तिनं नियम बदलला. मला वाटायचं मोठा बदल लागेल. एक ओळ होती. हवा आली की साठा शून्य कर. कळ दाबली. तोंडाची ओळ पीत राहिली, पीत राहिली, आणि वॉल बंद झाला तेव्हा टोकाची पाच घरं कोरडी. तिच्या बादलीच्या आकड्यांशी ताडून बघितलं. गाव आणि खोटं गाव आता एकसारखं वागत होतं. मला आनंद झाला नाही.

मंडळात मी सरळ सांगितलं, नवीन पत्रक काढू. शिळं म्हणून पाणी ओतू नका, टोकाच्या घरांना मिळत नाही. अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे आता आपल्याच आयाबहिणी चोर? आणि साहेब धुतल्या तांदळाचा?"

"साहेबाचं पाईप बारीकच आहे. ते बी लिहू. दिवस ठरवून सांगत न्हाईत, ते बी लिहू. पण हे खरं आहे, अण्णा."

"खरं असंल गं. खरं सगळंच छापायचं नसतंय." मग हसून म्हणाले, "आमच्या हिला हे पत्रक तूच नेऊन दे. मी घरात राहतोय, मला जेवायला लागतंय."

सगळे हसले. पत्रक छापलं नाही. चळवळीत मी पाच वर्षं आहे. प्रशासन झोपलेलं असतं हे मी पंचवीसदा लिहिलंय. बैठकीतली माणसं उघड्या डोळ्यांनी झोपू शकतात, हे मात्र मी त्या दिवशी शिकले.

मामांकडं मी एकटी गेले. कोपऱ्यावरच्या चेंबरपाशी ते तंबाखू मळत बसलेले.

"तूच न्हवं का गं पत्रक लिव्हणारी?"

"व्हय, मामा. चुकलं माझं. वॉल तुम्ही आधी बंद करत न्हाईसा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मॉडेलनं. म्हणजे, कंप्युटरनं." ते बघतच राहिले, तेव्हा मी सगळं सांगितलं. शिळं पाणी, बॅरल, गटार. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"एवढ्यासाठी कंप्युटर लागला व्हय? वॉल फिरवून मी चढाकडं चालत सुटतोय, तर तुमचं गटार समोरनं पळत येतंय. बारा वर्षं बघतोय."

"मग सांगितलं का न्हाईसा कुणाला?"

"इचारलं कोण? तू आलतीस, इचारलीस, वॉल किती वेळ उघडा असतोय. ते सांगितलं. पाणी कुठं जातंय, हे इचारलीस काय?"

नव्हतं विचारलं. मी माफी मागितली. लेखी देऊ का म्हटलं. ते म्हणाले, "नको, तुझं लिव्हलेलं नको." मग म्हणाले, "सिस्टरला सांग, फोन करीन म्हणून. तिचा काय दोष?"

फोन आलाच. आला तो तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी: उद्या सकाळी पाणी. आणि वॉर्डातली दुसरी सिस्टर रजेवर, त्यामुळं हिच्या आईला ड्युटी बदलता येईना. वडिलांना फाउंड्रीत दोनच दिवसांमागं सुट्टी झालेली. ती मला म्हणाली, "तू जा. तू दाखव. मी राहते." असं, चहा नको म्हटल्यासारखं.

मी घरी आले आणि आईला म्हटलं, उद्या आपलं भरून झालं की चढावर तिच्या घरी जाऊन बस. आपल्याकडं अर्ध्या तासात भरतं, तिकडं पाणी पोचायला तासभर लागतो. आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"कुणाच्या घरी?"

मी सांगितलं.

"त्यांच्यात कुणी न्हाय?"

"न्हाय."

तव्यावरची भाकरी उलटली, फुगली, खाली उतरली. मग आई म्हणाली, "किल्ली कुठं ठेवतात ते इचारून ठेव." तिच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी, पहिल्यांदाच, भाषण केलं नाही.

परीक्षेला बाहेरनं एक बाई आल्या होत्या, धारवाडहून. जोडीदारणीनं खोटी वसाहत चालवून दाखवली, आधी जुन्या नियमानं, मग नव्या. बाईंनी विचारलं, हा ओतायचा नियम तुम्ही कशावरून धरला? मी तोंड उघडलं, "मॅडम, शासनाच्या अनियमित..." सर म्हणाले, "भाषण नको. तिला बोलू दे." ती म्हणाली, तोंडाकडच्या ओळीत डोळ्यांनी बघितला, सहा घरांत मोजलेल्या धारेशी ताडला, आणि टोकाच्या घरांत हा नियम चालत नाही, कारण तिथं ओतण्याएवढं काही राहत नाही. मग बाईंनी विचारलं, उपाय? तिनं तिसरी फेरी दाखवली. तोंडाकडच्या अर्ध्या घरांनी जरी ओतणं थांबवलं, तरी टोकाला बऱ्याच वेळा पाणी पोचतं. "बऱ्याच वेळा," ती परत म्हणाली, "सगळ्या वेळा न्हाय. पाईप मोठा लागेल." मला ते वाक्य टाळ्यांचं वाटलं. तिनं ते नुसतं सांगितलं आणि संगणक बंद केला.

सरांनी माफीच्या फॉर्मवर सही केली. फॉर्म तिच्या हातात देताना म्हणाले, "आता पाण्याचं काय ते बघा." आम्ही बस पकडली.

चढावर तिच्या घरापाशी आलो तर दारात आमच्या शेजारच्यांची रिक्षा उभी. आतनं दुधाचे ॲल्युमिनियमचे कॅन उतरत होते, पाण्यानं भरलेले. आई पायरीवर उभी, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा लाल.

"काय झालं गं आई?"

"काय होतंय? नळ फुसफुसला." ती माझ्याकडं बघत नव्हती, जोडीदारणीकडं बघत होती. "मी म्हटलं आलं पाणी. बॅरलात तळाला इतकं होतं, शिळं. दुसऱ्याच्या घरात आलोय, स्वच्छ करून भरावं म्हणून ओतलं. घासून ठेवला बॅरल. आणि बसलेय नळासमोर. फुस्स, फुस्स. दोन तांबे आलं बघ. आणि बंद."

जोडीदारणीनं पुढं होऊन एक कॅन धरला.

"तासभर बसले," आई म्हणाली. "मगाशी खाली माझ्या हातानं अर्धा बॅरल ओतून आलते. आणि इथं येऊन यांचं होतं ते बी ओतलं." मग रिक्षावाल्यावर खेकसली, "हळू की रं! सांडतंय!"

तिनं आमच्या हौदातलं पाणी चार खेपा करून वर आणलं होतं. आमच्या ओळीतल्या बायकांनी दारात येऊन विचारलं होतं, कुठं चालली वरात? आईनं काय उत्तर दिलं ते मला नंतर शेजारणीकडनं कळलं: "तुझं सकाळचं गटार पोचवायला चाललेय वर."

हिची आई ड्युटीवरनं आली तेव्हा आई निघायच्या बेतात होती. त्यांनी आत बोलावलं, "वैनी, चहा घेऊन जावा." आई म्हणाली, "आक्का, तुमचं होतं तेवढं बी ओतलं मी आज." त्यांनी बॅरलमध्ये वाकून बघितलं, काठोकाठ भरलेला. "पोरीची परीक्षा झाली काय?" एवढंच विचारलं. तिनं फॉर्म दाखवला. मग चहा झाला. आई पाटावर बसली, कप दोन्ही हातांत धरून, आणि साखर जास्त झाली म्हणाली. पाहुणी म्हणून कुणाकडं बसली की आई असं कधीच म्हणत नाही, त्यामुळं मला बरं वाटलं.

पत्रक अजून छापलेलं नाही. पाईप बारीक आहे आणि पाण्याचा दिवस अजून कुणी जाहीर करत नाही, त्यावरचा माझा राग तसाच आहे. अर्ज दिलेत, पोच घेतलीय. पण पुढच्या फेरीला हवा फुसफुसली तेव्हा आईनं बॅरल आडवा केला नाही. उरलेलं पाणी भांड्याला आणि न्हाणीला वेगळं काढलं आणि कुंपणावरनं शेजारणीला ओरडून सांगितलं, ओतू नको गं, वर पोचत न्हाय. शेजारीण म्हणाली, तुला काय झालंय? आई म्हणाली, बघून आलेय.

मी वही घेऊन गटाराच्या कडेनं चालत गेले. आमच्या ओळीतल्या चार घरांपुढचं गटार कोरडं होतं. बाकीची वाहत होती. मी चार असं लिहिलं, पुढं उद्गारचिन्ह न टाकता.

ती त्या सकाळी लॅबमध्ये होती, नव्या सेमिस्टरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला. मामांचा फोन आदल्या दिवशीच आल्यामुळं तिची आई ड्युटी बदलून घरी थांबली होती. मी दहाच्या बसनं कॉलेजला पोचले, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि वही पुढं सरकवली. तिचा फोन वाजला. सर लॅबच्या दुसऱ्या टोकाला होते, तिनं खाली वाकून घेतला.

"किती आलं पाणी?" तिनं विचारलं. पलीकडनं तिची आई काहीतरी सांगत होती. "बॅरलच्या कुठल्या वळ्यापर्यंत? खालनं मोज. खालनं दुसरं?" मग माझ्याकडं दोन बोटं केली, फोन ठेवला आणि फाइल उघडून आकडा भरला.